पळस बघायला कधी निघायचं? नागपुरात नव्याने आलेल्यांसाठी

मी मूळची साताऱ्याची. कासचं पठार घरापासून तासाभराच्या आत, त्यामुळे रानफुलं म्हटलं की माझ्या डोक्यात भाद्रपद, भुरभुर पाऊस आणि घोट्याएवढ्या उंचीची फुलं. २०१५ साली नागपूरला बदली झाली आणि त्याच हिशेबाने सप्टेंबरातला एक रविवार गाठून मी रामटेकच्या पुढे गेले. हिरवंगार रान, चिखल, डास आणि रस्त्याकडेला तरोट्याची पिवळी फुलं. सोमवारी ऑफिसात सांगितलं तर आमचे शिपाईकाका हसले. "मॅडम, पानं झडल्याशिवाय पळस फुलते काय?"

दुसऱ्या खेपेला मी होळीचा मुहूर्त धरला आणि उशिरा पोचले. तिसऱ्या खेपेला पैसे भरून जंगल सफारीची जिप्सी केली आणि पळस लांबूनच बघून परत आले. जमलं ते २०१८ ला. तेव्हापासून दरवर्षी जाते, आणि पुण्या-मुंबईहून बदलून आलेलं कोणी ना कोणी दरवर्षी फेब्रुवारीत विचारतं, "कधी जाऊ?" त्याचं उत्तर एकदाचं सविस्तर लिहून ठेवते.

१. आधी डोक्यातलं कॅलेंडर बदला

नागपूरच्या उत्तरेला दिसणारे डोंगर ही सातपुड्याची दक्षिणेकडची टोकं. इथे पाऊस चार महिने, बाकीचे आठ जवळजवळ कोरडे. जंगल पानझडी. थंडी सरली की झाड पाणी राखायला पानं टाकतं, आणि पळस नेमका त्या उघड्या फांद्यांवर फुलतो. पानांचा आडोसा नसला की पाखरांना फूल लांबून दिसतं. पळसाच्या फुलाला वास नाही. मैना, बुलबुल, शिंजीर रसासाठी येतात, कपाळाला पराग माखून पुढच्या झाडावर जातात, त्यांना वासाशी देणंघेणं नसतं.

म्हणजे इकडे फुलांचा हंगाम कोरड्या दिवसांत येतो, आणि तो एकाच झाडाचा नाही. जानेवारीत खडकाळ उतारांवर धायटी लालेलाल होते. फेब्रुवारीत काटेसावर आणि गणेर. गणेर म्हणजे सोनसावर, वाकडंतिकडं बोडकं झाड आणि त्यावर वाटीएवढी पिवळीजर्द फुलं. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत पळस. मग मार्च-एप्रिलात मोह, आणि एप्रिल संपताना बहावा. एकच रविवार काढता येणार असेल तर पळसाचा काढा, कारण त्या दिवसांत उशिराची सावर आणि गणेरही त्याच फेरीत बघायला मिळतात.

२. होळीवर तारीख ठरवू नका

हा सगळ्यात मोठा सापळा, कारण सांगणारे सगळे जाणते असतात. "होळीला पळस फुलतो" हे वाक्य तुम्हाला नागपुरात प्रत्येक जण ऐकवील. ते खोटं नाही, ढोबळ आहे. होळी फाल्गुन पौर्णिमेची. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा अकरा-एक दिवसांनी लहान, त्यामुळे होळी दरवर्षी मागे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी मारते. २०१६ ला धुळवड २४ मार्चला होती, २०१८ ला २ मार्चला. २०२४ ला पुन्हा २५ मार्च, २०२५ ला १४ मार्च, २०२६ ला पहिलाच आठवडा. तीन आठवड्यांचा फरक! आणि एका झाडाचा भर असतो जेमतेम दोन आठवडे.

२०१६ ला मी धुळवडीच्या सुट्टीचा बेत केला होता. मनसरजवळच्या टपरीवर चहा पिताना विचारलं, "भाऊ, पळस कुठे चांगला फुललाय?" त्याने कपबशी पुसत रस्त्याच्या कडेला बोट दाखवलं. "ताई, आता झाडावर कमी अन् खालीच जास्त आहे. पंधरा दिवस आधी याचं होतं ना." झाडांखाली सुकून तपकिरी झालेला सडा आणि वर पोपटी-चंदेरी चपट्या शेंगा लटकलेल्या.

झाड पंचांग बघत नाही. थंडी किती लांबली, पाऊस केव्हा संपला, मधेच गारपीट झाली का, यावर त्याचं चालतं. फेब्रुवारी-मार्चात विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारा नव्या नाहीत. संत्रेवाल्यांचं त्यात काय होतं ते पेपरात येतं, पळसाचं येत नाही. पण एका रात्रीच्या गारांत अख्खा रस्ता झडलेला मी पाहिला आहे.

३. एक झाड धरून ठेवा

माझा सगळा हिशेब या एका पायरीवर आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा एक पळस निवडा. नागपुरात तो शोधावा लागत नाही. गोरेवाडा, सेमिनरी हिल्स, अंबाझरीकडचा भाग, शहराबाहेर जाणारा कुठलाही रस्ता. फुलं नसताना ओळखायचा असेल तर पानं बघा, एका देठाला तीन. पळसाला पानं तीनच, ही म्हण आपण उगाच नाही शिकलो. जानेवारीच्या शेवटापासून आठवड्यातून एकदा त्या झाडाखाली दोन मिनिटं थांबायचं आणि वर बघायचं.

काय बघायचं? पहिल्यांदा फांद्यांची टोकं काळी दिसायला लागतात. लांबून वाटतं झाड जळलंय की काय. हात पोचत असेल तर एक कळी बोटांत धरून बघा: काळपट तपकिरी, हिरवट झाक असलेली, मखमलीसारखी लव. या कळ्या घोसाने असतात. मग त्यातल्या काहींच्या तोंडाशी शेंदरी रेघ दिसते, काडेपेटीतल्या काडीचं टोक दिसावं तशी. ती दिसली की माझ्या अनुभवाने आठ ते दहा दिवस उरलेत. सुट्टी टाकायची ती इथे.

घोस फुलतो तो बुडाकडून टोकाकडे. हे एकदा कळलं की झाड घड्याळासारखं वाचता येतं. बुडाची फुलं उघडलेली आणि टोकाला अजून काळ्या कळ्या असतील तर लवकर आहात, पण जायला हरकत नाही. अर्धा घोस उघडलेला असेल तर उद्याच निघा. बुडाशी नुसते देठ आणि टोकाला दोन-चार फुलं उरली असतील तर भर संपला. तांबूस कोवळी पालवी दिसायला लागली की तो विषय पुढच्या वर्षी.

एक फूल जमिनीवरून उचलून नीट बघा. पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली पाकळी, बाहेरून रेशमासारखी चकाकी. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, म्हणजे "हा पोपट तर नव्हे?". गंमत म्हणजे खरे पोपटही झाडावर येतात आणि फुलं कुरतडून खाली टाकतात. अख्ख्या फुलांचा ताजा सडा बघून भर ओसरला असं समजू नका, आधी वर बघा.

शहरातलं झाड आणि डोंगरातलं झाड एका दिवशी फुलत नाही, हा हिशेबही ठेवा. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, छिंदवाड्याचं पठार पावणेसातशेच्या आसपास. माझ्या वहीप्रमाणे रामटेक-देवलापारकडे शहरापेक्षा दोन-चार दिवस मागेपुढे होतात, आणि घाट चढून वर गेलं की आठवडाभर उशीर. याचा एक फायदा असा की खाली चुकलात तर वर जायचं.

४. फोन करताना प्रश्न नीट विचारा

"पळस फुलला का?" या प्रश्नाचं उत्तर रिसॉर्टवाला नेहमी "हो हो, या ना" असंच देतो. त्याला खोल्या भरायच्या असतात. त्याऐवजी विचारा: झाडावर जास्त आहे की खाली? शेंगा धरल्या का? नवी पालवी दिसते का? मागच्या आठवड्यात गारा पडल्या का? रस्त्यावरचा चहावाला, पंक्चरवाला किंवा गावातला शिक्षक ओळखीचा असेल तर त्याचं सांगणं खरं.

व्हॉट्सॅपवर फिरणारे फोटो बघून निघू नका. दर फेब्रुवारीत तेच तीन फोटो येतात, त्यातल्या एकात तर पांगारा आहे. कोणी फोटो पाठवलाच तर म्हणा, आज सकाळचा आणि एका फांदीचा जवळून काढलेला पाठव. घोस दिसला की वरचं घड्याळ लावता येतं.

५. रस्ता कुठला धरायचा

पळस दाट सागवनात फारसा नसतो. तो असतो जंगलाच्या कडेला, शेताच्या बांधावर, पडीक रानात, नाल्याच्या काठाने. गहू-हरभरा काढून झालेली काळी रानं आणि मधे शेंदरी झाडं, हे खरं दृश्य. म्हणून रस्ता निवडताना जंगल किती दाट आहे ते बघू नका, कडेची शेतं आणि माळ किती आहेत ते बघा.

जबलपूर रोडने मनसर, तिथून देवलापारकडे. मनसर पन्नास किलोमीटरच्या आत, पहिल्यांदा जाणाऱ्यांना हाच सोपा. पण मुख्य महामार्गावर गाडी थांबवू नका. पुढे पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या टप्प्यात प्राण्यांना जायला रस्त्याखालून वाटा केल्या आहेत, तिथे तर अजिबातच नाही. पवनीला आत वळा आणि सिल्लारीकडच्या लहान रस्त्याने जा, तिथे कडेला थांबता येतं. सिल्लारीत मुक्काम जमला आणि अमावास्या जवळ असली तर रात्री अंगणात उभ्या राहा. पेंचला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे, ती कशासाठी ते कळेल.

माझा आवडता रस्ता मात्र सावनेर-सौसरचा. सौसर मध्य प्रदेशात असलं तरी बाजारात मराठीच कानावर येते. जामसावळीच्या मारुतीला जाणाऱ्या नागपूरकरांना इथवरचा रस्ता पाठ असतो. त्यापुढे सिल्लेवानीचा घाट लागतो आणि तुम्ही सातपुड्यावर चढता. वळणावळणाला उताराची उंची बदलते, म्हणून एकाच सकाळी खाली सडा आणि वर कळ्या असं दोन्ही बघायला मिळतं. नागपूर ते छिंदवाडा साधारण सव्वाशे किलोमीटर, घाटापर्यंत जाऊन परतायला एक दिवस पुरतो. गाडी चालवायची नसेल तर इतवारीहून छिंदवाड्याला रेल्वे आहे. पूर्वी इथे नॅरोगेजची छोटी गाडी होती. मी आले त्याच वर्षी, २०१५ ला, ती बंद झाली आणि माझी बसायची राहून गेली. आता मोठी लाइन झाली आहे. भंडारकुंड-भिमालगोंदीच्या चढाला खिडकी सोडू नका. वेळापत्रक निघायच्या आदल्या दिवशी बघा, जुन्या माहितीवर जाऊ नका.

तिसरा काटोल रोड. पळस इथे विरळ आहे, पण फेब्रुवारीत गेलात तर संत्र्याचा आंबिया बहार असतो, म्हणजे बागा फुलावर आलेल्या असतात. गाडीच्या काचा खाली करा, बाकी काही करायचं नाही.

६. सफारीचं बुकिंग करायचं का?

फक्त फुलांसाठी असेल तर नको. २०१७ ला मी ती चूक केली. जिप्सीतून खाली उतरता येत नाही, ते नियमाने बरोबरच आहे, आणि गाइडचं सगळं लक्ष वाघाच्या पावलांकडे. मी "थांबा, ती गणेर बघू द्या" म्हटलं की बाकीचे पाच जण माझ्याकडे असे बघायचे की मी लग्नात येऊन वरणात मीठ कमी आहे म्हणाले. वाघ दिसला नाही. पळस दिसले ते गेटच्या बाहेर, फुकटात.

जंगल बघायचंच असेल तर वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच बुकिंग करा, गेटचा साप्ताहिक सुट्टीचा वार तपासा आणि बुकिंगला जे ओळखपत्र दिलं तेच मूळ सोबत न्या.

७. घरून केव्हा निघायचं

मार्चात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. सातला तुम्ही झाडापाशी असायला हवं, म्हणजे पहाटे साडेपाचला घर सोडायचं. सकाळी पाखरं असतात, ऊन तिरपं असतं. झाड आपण आणि सूर्य यांच्या मधे येईल असं उभं राहिलं की पाकळ्यांतून उजेड येतो. दहानंतर सगळं पांढरट दिसायला लागतं, अकरानंतर डोकं तापतं. तर्री-पोहे परतताना खा. निघतानाच थांबलात तर त्यात पाऊण तास जातो, अनुभवाने सांगते.

८. सोबत काय घ्यायचं

- गाडीची कागदपत्रं: लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. सौसरच्या रस्त्याने राज्याची हद्द ओलांडता. भाड्याची टॅक्सी केलीत तर मध्य प्रदेशचा परवाना आहे का ते आदल्या दिवशीच चालकाला विचारा. आम्हाला एकदा एका ट्रॅव्हल्सवाल्याने "सगळं आहे मॅडम" म्हणून पाठवलं आणि सीमेवर दीड तास उन्हात उभं केलं.
- माणशी तीन लिटर पाणी. मार्च संपताना पारा चाळिशीला टेकतो.
- डोक्याला बांधायला सुती दुपट्टा. टोपीने कान-मान झाकत नाही.
- पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण पायाची पँट आणि गुळगुळीत कापडाची. लोकरी मोज्यांना कुसळं अशी चिकटतात की मोजेच फेकावे लागतात.
- दुर्बीण असेल तर. नसली तरी चालतं.
- कापडी पिशवी, पडलेली फुलं वेचायला.

अत्तर, सेंट लावून जाऊ नका. सावरीसारख्या उंच झाडांवर आग्या मोहोळाची पोळी असतात.

९. तिथे गेल्यावर हात-पाय जपा

खाजकुहिली. हे नाव पाठ करा. कुंपणांवर, झुडपांवर चढलेला वेल, फेब्रुवारी-मार्चात त्याच्या शेंगा वाळून तपकिरी सोनेरी होतात आणि दिसतात मोठ्या देखण्या, मखमली. पळसाचा फोटो नीट यावा म्हणून मी एकदा कुंपणाला रेलले. दोन मिनिटांत मनगटापासून कोपरापर्यंत आग. जितकं खाजवावं तितकी ती कूस पसरते. शेतातून एक मावशी धावत आल्या. "खाजवू नको ना बाई! शेण लाव." लावलं, वाळू दिलं, मग खरवडून काढलं. शहरातल्या नाकाला ते अवघड गेलं, पण आग उतरली. वारा सुटलेला असेल तर अशा वेलाच्या वाऱ्याच्या दिशेला उभंच राहू नका.

काडी, बिडी, चूल काही पेटवू नका. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा वणव्याचा हंगाम, पाचोळा कागदासारखा वाळलेला असतो.

मार्चच्या उत्तरार्धात पहाटे मोहाखाली एकट्याने फिरू नका. गोड वासाने अस्वलं येतात, आणि वेचणारी माणसंही गटाने, बोलत बोलत जातात ती उगाच नाही. त्यांनी झाडून साफ केलेल्या जागेवर पाय देऊ नका. ती त्यांची वर्षाची कमाई असते.

पिवळ्या फुलांचा पळस क्वचित दिसतो. दिसला तर बघा, फोटो काढा, पण जागा कोणाला सांगू नका आणि फोटोसोबत ठिकाण टाकू नका. पांढऱ्या-पिवळ्या पळसाने धन मिळतं अशी एक समजूत आहे, आणि त्यापायी अशा झाडाच्या साली, मुळ्या ओरबाडल्या जातात. मला माहीत असलेल्या एका झाडाचं बुड असंच तासलेलं आहे. ते अजून जगतंय, म्हणून कुठे आहे ते इथेही लिहीत नाही.

१०. चुकलंच तर

घाटावर जा, वर सांगितलंच आहे. तेही हुकलं तर मेच्या सुरुवातीला नागपुरातल्या रस्त्यांवरचा बहावा बघा, त्यासाठी पेट्रोलही लागत नाही.

आणि पिशवीभर फुलं वेचून आणली असतील तर ती पसरून सावलीत वाळवा. धुळवडीच्या आदल्या रात्री मूठभर फुलं पाण्यात उकळून तसंच झाकून ठेवा, सकाळी केशरी-पिवळा रंग तयार. चिमूटभर खायचा चुना टाकला की रंग गडद होतो, मात्र तो डोळ्यांपासून लांब ठेवा. पातेलं जुनं घ्या. माझ्या सासूबाईंचं नवं स्टीलचं पातेलं मी वापरलं होतं, त्याच्या काठाला लागलेली पिवळी कड निघता निघत नव्हती, आणि त्या दिवसापासून आमच्या घरी रंगाचं पातेलं वेगळं आहे.